जमा-नावे

सकाळी आठला गोळी, रात्री आठला गोळी.
पाच मिनिटं इकडे नाही, तिकडे नाही.
पतपेढीत सव्वीस वर्षं लोकांचे पैसे मोजले,
आता तुझं पाणी मोजतो.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे,
वहीसुद्धा तिथलीच, लाल पुठ्ठ्याची.

तीन उन्हाळे चोपड्याचे
तू अर्ध्या फुलपात्रावर काढलेस.
बाहेर पंचेचाळीस.
कोपऱ्यावर रसवंतीची घुंगरं वाजायला लागली
की तू खिडकी लावून घ्यायचीस,
आणि मी मोरीत, नळाचा आवाज न करता,
चोरासारखा पाणी प्यायचो.
हे तुला कधी सांगितलं नाही.
तुला माहीत होतं.

आता तीन लिटर म्हणतात.
उकळून, निववून, झाकून.
तू पेला तोंडाशी नेतेस
आणि आधी माझ्याकडे बघतेस,
पुरे म्हणेल की काय हा.
पी गं.
पी, मंदे.

लग्नात आपले एकतीस गुण जुळले होते.
नाशिकच्या कागदावर माझं रक्तच जुळेना.
जुळली तुझी आई, त्रेसष्टाव्या वर्षी.
शिरपूरहून रोज दुपारी फोन:
“मनी किडनी कशी शे?”
पोर कशी आहे, ते नाही विचारत.
आणि तू,
“बरी शे माय. तुनागतच शे,
रातले झोपू देत नही.”
मग दोघी हसता.
मी वहीत डोकं घालून बसतो.
त्या हसण्यात मला खातं नाही.

गल्लीला वाटतं, तू सुधारलीस.
गाल भरले, चेहरा गोल झाला,
जाळीपलीकडून बायका सांगून जातात.
औषधाची सूज आहे
हे कुणाकुणाला सांगत बसू?
सोमा आप्पा केळीचा घड घेऊन आला,
नवतीचा, सालीवर एक डाग नाही.
दारातूनच परत दिला.
पोटॅशियम म्हणजे काय
ते मला अहिराणीत सांगता येईना.
आप्पा उन्हात घड खांद्यावर घेऊन उभा,
मी मास्कमागे.
गेला तो. अजून बोलत नाही.

तुझे हात थरथरतात.
शिलाई मशीनवर चादर टाकली आहे,
तरी सुई मागतेस, माझ्या शर्टाच्या बटणासाठी.
दोरा मी ओवून देतो.
माझेही चार प्रयत्न जातात,
तू मोजतेस मोठ्यानं.

परवा वरणावरून भांडलीस.
“आळणी म्हणजे किती आळणी!
माणसानं खावं की जनावरानं?”
ताट सरकवलंस.
डायलिसिसच्या दिवसांत
तू समोर येईल ते खायचीस, गुमान,
जळगावच्या बसमध्ये सीटला डोकं टेकून
वाकोद, पारोळा, कुठलंही गाव आलं तरी तुला सारखंच.
त्या गुमानपणाची मला भीती वाटायची.
परवा मी तुझ्यावर ओरडलो,
आणि आत जाऊन, ओट्याला धरून,
किती बरं वाटलं मला.

रात्री दोन खाटा, मधे तीन हात जागा.
तुझ्या डाव्या मनगटात ती गुणगुण अजून आहे,
शिरेवर शीर जोडलेली.
आधी मी कान लावून ऐकायचो.
आता लांबूनच.
ताप बघायला कपाळावर हात ठेवतो तेव्हा
हात सॅनिटायझरनं गार पडलेला,
तू दचकतेस, मग तसाच राहू देतेस.
थोडा वेळ.
मला वाटतं, ताप बघायला लागतो
त्याहून थोडा जास्त.

अडीच वाजता तू उठतेस.
बाथरूमचा दिवा.
प्लॅस्टिकच्या मापात धार पडते.
तीन वर्षं हा आवाज
आपल्या घरात नव्हता.
कुणाला सांगितलं तर हसतील,
पण मी डोळे मिटून, झोपेचं सोंग घेऊन,
पडल्या पडल्या तो शेवटपर्यंत ऐकतो.
थांबतो. पुन्हा थोडा.
मग पाण्याचा तांब्या, कडी,
आणि अंधारातून तुझा आवाज,
मी जागा आहे हे पक्कं ठाऊक असलेला:

“तीनशे वीस.
लिहा.”