तीनातले दोन

रविवारी पहाटे बायको कूस बदलत विचारते,
"आज पुन्हा लोखंडाला आंघोळ?"
गच्चीवर मी जुनी चादर अंथरतो,
वाटीत जवसाचं तेल, पितळी सळई,
फाटक्या बनियनचे कापलेले चौकोन.

सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभा होतो,
केसाएवढी चूक अजून बोटाला कळते.
म्हणून असेल, बार काढण्याआधी
मला नळीतून बघायला आवडतं:
उजेडाकडे धरली की आत
पिळा घेत गेलेला चकचकीत रस्ता
आणि शेवटी आभाळाचा एक रुपया.

मार्टिनी, पॉइंट टू-टू,
देवळाली कॅम्पातल्या खोर्शेदबाईंकडून घेतली.
कागदांवर सगळे शिक्के पडेपर्यंत अकरा महिने गेले,
तोवर बाईंनी सतरा वेळा चहा पाजला,
दर वेळी पुदिना घालून.
कॅडेटांच्या सरावाची बंदूक, पलटणीनं मोडीत काढलेली.
दस्त्यावर कुणी खिळ्यानं कोरलंय: आर. टी.
आणि त्याखाली चार रेघा.
हिनं जन्मभर कागदच मारला, असं मी धरून चालतो.
रेघा कसल्या, ते विचारत नाही.

त्र्यंबक रस्त्यापलीकडची आमची रेंज म्हणजे
मातीचा एक बांध, पत्र्याची शेड
आणि शिट्टीशिवाय न बोलणारा गांगुर्डे.
डिसेंबरात धातू गालाला चावतो.
श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा,
उरलेला तसाच ठेवायचा,
खिडकीत चिमणी आल्यावर ठेवतो तसा.
ट्रिगर ओढायचा नाही,
त्याला कळणार नाही इतकं हळू दाबत जायचं.
लांब देवळालीकडे तोफांचा सराव चालू असतो,
शेडचा पत्रा थरथरतो,
आणि त्या गडगडाटाखाली माझी
टप्प.
पन्नास मीटरवर कागदाला एक भोक,
फायलीला पाडतात तेवढं.
एवढ्यासाठीच आलो होतो.

मग कायदा बदलला. तीनाच्या जागी दोन.
आठ दिवस तिघी पलंगावर मांडून बसलो.
वेबली रिव्हॉल्वर जायची नव्हती,
मार्टिनीचा तर प्रश्नच नव्हता.
राहिली मस्कट, इशापूरची, चारशेदहाची,
कुठल्याशा रखवालदाराच्या खांद्यावर झिजून
लिलावात निघालेली.
नेम असा, की तिच्यासमोर
सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे टार्गेट.
पण भेगाळलेल्या लाकडात भुसा आणि सरस भरत
मी चार पावसाळे काढले होते.

ठाण्यात हवालदार खैरनारांनी रजिस्टर उघडलं,
लिहिलं: "जुनी. चालू स्थितीत. दुरुस्त केलेली."
चार पावसाळे, दोन शब्द.
मग रिकामी आहे का बघायला बोल्टला हात घातला.
तो बोल्ट अडतो. मी सांगणारच होतो
की आधी तळहातानं खालून एक टपली द्यावी लागते,
तेवढ्यात त्यांनी दिली.
बरोबर तिथेच. बरोबर तेवढीच.
खट्‌कन उघडला.
"ट्रेनिंगला हीच होती आम्हाला," ते म्हणाले.
"म्हणजे, हीच नाही. अशीच."
पुन्हा एकदा बंद करून उघडला, उगाचच.
मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.
पावती घेऊन बाहेर आलो
तर स्कूटरची किल्ली सापडेना,
ती हातातच होती.

आता कपाटात तिसरी खाच मोकळी आहे.
मखमलीवर तेलाचा लांबट डाग.
काल बघितलं, बायकोनं तिथे
लांब दांड्याची छत्री उभी केलीय.
चांगली बसलीय.
मी दोनदा काढून पुन्हा ठेवून बघितली.