उभी लिपी

मंत्रालयाचं परिपत्रक आलं ते आडवं.
नऊ उद्दिष्टं, सगळी सिरिलिकमध्ये,
आणि तळाला एकच ओळ आपल्या जुन्या लिपीतली.
उलानबातरच्या कुठल्याशा संगणकाला
तिला उभं करता आलं नव्हतं,
म्हणून कुशीवर निजलेली.
मी कागद फिरवून तिला उठवलं.
वाचता मात्र आली नाही.

मी दुलामसुरेन, वय एक्कावन्न,
या शाळेत सत्तावीस वर्षं भाषाच शिकवत आले.
वसतिगृहातली मुलं निजली की
शेगडीत कोळशाचा शेवटचा डबा ओतते
आणि उद्याचा धडा आज गिरवते,
त्यांच्याहून फक्त एका रात्रीनं पुढे.

या लिपीला अंग आहे.
वरून खाली सरळ कणा,
त्याला मुकुट, दात, पोट, धनुष्य,
नडगी,
आणि शब्द संपताना शेपूट.
मुलांना हे माझ्याआधी कळतं,
मेंढी सोलताना जवळ बसणारी मुलं ती.
‘बाई, या शब्दाला दोन पोटं,
म्हणजे गाभण आहे का हा?’
परिपत्रकात याचं उत्तर नाही.

पालकसभेला ओचिरखुयागचा बाप
ऐंशी किलोमीटर मोटारसायकल हाकत आला.
भुवयांवरचं बर्फ वितळेपर्यंत गप्प होता.
मग म्हणाला, थोरला माझा सोलला टायरच्या कारखान्यात आहे,
तिथं कोणती अक्षरं लागतात, तेवढं सांगा.
मी उद्दिष्ट क्रमांक चार वाचलं:
मुळांशी घट्ट, जगाला मोकळं.
तो म्हणाला, गेरचा दोर बांधलाय का कधी?
एक तर घट्ट असतो, नाहीतर सुटतो.
मी त्याला चहा ओतला.

मग म्हातारा शाराव खोगीर घेऊन आला,
त्याच्या बापाचं. कातडं गेलेलं, लाकूड उरलेलं,
आणि लाकडाच्या पोटाशी शाईची अक्षरं.
पोथ्या जळत होत्या त्या वर्षांत
घोड्याच्या पाठीला तोंड करून लपून राहिलेली.
आयुष्यभर हा त्यांच्यावर बसला होता.
मंत्र असेल, म्हणाला. नाहीतर वंशावळ.
डोळे मिटायच्या आत ऐकव.

राजधानीहून साहेब आले, कॅमेरा आला,
भिंतीवर ‘जिवंत वारसा’ असा फलक लागला
(सिरिलिकमध्ये).
पाचवीचा वर्ग खोगिराभोवती उकिडवा बसला,
दात मोजत, पोटं मोजत.
त आणि द यांचा चेहरा एकच,
तिथं भांडण झालं.
वळणही माझ्या धड्यातलं नव्हतं,
घाईत लिहिणाऱ्या माणसाचं होतं.
शेवटी नारमंदाखनं मान वर न करता वाचलं:

‘झांबलकडून येणं,
चहाच्या विटा दोन,
लंगडी मेंढी एक.
मेंढी मेली, सोडून दिली.
चहा सोडलेला नाही.’

कॅमेरा हळूच खाली गेला.
साहेबांनी फलकाकडे पाहिलं.
शाराव हसत सुटला, ठसका लागेपर्यंत.
बाबा हा, म्हणाला, अगदी बाबाच,
असाच बोलायचा.
आणि टोपीनं डोळे पुसत राहिला.

ओचिरखुयाग कानापर्यंत लाल झालेला.
झांबल त्याचा पणजोबा.

सोमवारी मोटारसायकल पुन्हा आली.
बापानं माझ्या टेबलावर
नव्या वेष्टनातल्या दोन विटा ठेवल्या,
आणि विचारलं,
‘फिटलं, हे कसं लिहितात?’
खोगिरावर चार बोटं जागा शिल्लक होती.
पोरानं लिहिलं, जीभ दातांत धरून,
कणा जरा वाकला,
शेपूट लाकडाच्या कडेबाहेर गेलं.

आता अहवाल भरायचाय.
उद्दिष्ट क्रमांक नऊ, वारशाशी नातं:
साध्य, अंशतः साध्य, असाध्य.
तिन्ही चौकोन आडव्या रांगेत.
मी कडेच्या समासात,
जिथं उभी जागा असते तिथं,
वरून खाली लिहिते:
चहा मिळाला.