डावीकडे वळताना

सकाळी ती गप्प असते.
अकरानंतर पत्रा तापला की बोलायला लागते.
सत्तावीस वर्षांची, दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली, लाल.
म्हणजे लाल होती. आता जुन्या तिखटाचा रंग.
कामठी रोडच्या सिमेंटच्या प्रत्येक जोडावर
खण्ण.

रऊफभाई म्हणाले, "एक आवाज नाही नं मॅडम, चार आहेत.
एकामागं एक लपून बसलेत. पुढचा उठल्याबिगर
मागचा सापडणार नाही."
आणि गोणपाट अंथरून खाली गेले,
लांब पेचकसाची मूठ कानाला,
टोक इथं टेकव, तिथं टेकव,
आणि मला वरून, "जरा रेस द्या. कमी. अजून कमी."

पहिला निघाला सायलेन्सरवरच्या पत्र्यात.
गंजून दोन्ही कान तुटलेले.
पाण्याच्या पाइपच्या दोन क्लिपा आवळल्या, वीस-वीस रुपयांच्या,
विषय संपला.
दुसरा सस्पेन्शनच्या काडीतला. रबर उरलंच नव्हतं,
लोखंड लोखंडाला विचारत होतं, काहून बे?

तिसऱ्यासाठी मी डिक्कीत शिरले.
हो, मीच. एकोणसाठ वर्षांची,
तीस वर्षं वीज मंडळात मीटर तपासलेली.
गुडघे हनुवटीला, झाकण सुतळीनं बांधलेलं,
रऊफभाई चालवतायत आणि मी अंधारातून ओरडतेय,
"उजवीकडे! चाकाच्या मागं! आता नाही! आता!"
गड्डीगोदामच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यानं
हेल्मेट काढलं आणि डिक्कीला विचारलं, "काकू, बऱ्या आहात नं?"
हँडब्रेकची तार होती. बांधली.

उरला चौथा.
तो फक्त डावीकडे वळताना.
सरकायचा, थांबायचा, टण् करायचा,
आणि सरळ रस्त्यावर शपथ घेतल्यासारखा गप्प.
तीन रविवार त्यात गेले. जॅक काढून पाहिला, स्टेपनी काढली,
सीटखाली एक दातकोरणं आणि बंद झालेलं आठ आण्याचं नाणं मिळालं.
चौथ्या रविवारी रऊफभाईंनी मागच्या आडव्या पट्टीच्या भोकात
दोन बोटं घातली, मग तार वाकवून केलेला आकडा,
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

बाहेर आला पाना. तेराचा.
मुठीजवळ तीन खाचा, त्यांच्या वडिलांनी कानशीनं केलेल्या.

गेल्या दिवाळीत हाच हरवला होता.
"गुणवंता, कुठं विकला बे?"
पोरगा म्हणाला, मी नाही घेतला भाऊ.
तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा हळू.
पगारातून साडेचारशे कापले. सोमवारी तो आला नाही.
त्याच आठवड्यात या गाडीखाली बोल्ट आवळत
रऊफभाई स्वतः झोपले होते.

मी तिथंच होते. स्टुलावर.
कोणाचा मीटर खोटा बोलतो हे दारातूनच कळायचं मला,
खरा बोलणारा तर समोर उभा होता.
मी चहात बिस्किट बुडवलं.

म्हणजे दिवाळीपासून प्रत्येक डाव्या वळणावर
गाडी त्याचंच वाक्य म्हणत होती,
आणि आम्ही तिची रबरं बदलत होतो.

रऊफभाईंनी पाना पुसला. पुन्हा पुसला.
"मानकापूरले आहे तो," म्हणाले, "टायरच्या दुकानात."
गल्ल्यातून साडेचारशे मोजले, खिशात घातले,
परत काढून परत मोजले,
आणि दार उघडून माझ्या शेजारी बसले,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा, गिऱ्हाइकाच्या बाजूला.

गाडी निघाली. जोडांवरून गेली.
खालून काही म्हणजे काही वाजलं नाही.
इतकी शांत, की त्यांच्या मांडीवरचा पाना
खिशातल्या किल्ल्यांना लागायचा, तो ऐकू येत होता.
मानकापूर चौकात डावीकडे वळायचं होतं.
मी इंडिकेटर दिला.
त्यांनी पाना मुठीत घट्ट धरला.