एकोणीस

फळ्यावर मीच लिहिलं होतं :
मॉप वीस. पाच-पाचाचे चार गठ्ठे.
सुया सहा. आर्टरी बारा.
शिरसाठ सिस्टर म्हणायच्या, आकडा मोठ्यानं बोल,
मनात मोजलेलं साक्षीला येत नाही.
शरणपूरच्या त्या. रविवारी चर्चला जाण्याआधी
थिएटरमध्ये डोकावून टॉर्चचे सेल बघायच्या.
त्या डिसेंबरात रिटायर झाल्या
आणि जानेवारीत ही रात्र आली.

बाहेर द्वारकेच्या चौकात शेकोटीभोवती रिक्षावाले,
आत टेबलावर
सुलक्षणा बोरस्ते, वय चोवीस, राहणार ओझर.
मनगटावरची पट्टी वाचली, तरी तिलाच विचारलं :
नाव सांगा. पूर्ण.
"दोनदा सांगितलं की बाई."
तिसऱ्यांदाही विचारीन, म्हटलं. राग मानू नका.

पाठीत सुई देताना तिनं माझा हात धरला.
कात्रीनं घट्टे पडलेली बोटं.
पिंपळगावला पॅकहाउसमध्ये होते, म्हणाली,
द्राक्षं छाटायची, भरायची,
दहा पनेट, एक खोकं.
मग हिरवा पडदा आडवा आला
आणि ती नुसता आवाज उरली.

बाळ निघालं. रडेना.
तेवढ्यात लाइट गेली.

जनरेटर आठ सेकंद घेतो, हे आम्हाला पाठ आहे.
भिंतीवरचा खिळा चाचपला, टॉर्च काढला,
उजेड सरांच्या बोटांवर धरला.
कुणी बोललं नाही.
कोपऱ्यात अँबू बॅग, पुस्स, पुस्स,
आणि बॅटरीवर चाललेला मॉनिटर.
दिवे आले, आणि पाठोपाठ
गंजलेलं दार करकरावं तसं कुणीतरी रडलं.

रक्त फार गेलं होतं. पिशवी आवळायला वेळ लागला.
भामरे सर मान वर न करता म्हणाले, चला, बंद करू.
मी मोजलं.
एकोणीस.
बादलीतले सगळे उलगडून, एकेकाची शेपटी धरून पुन्हा मोजलं,
स्क्रबला उभे गांगुर्डे ब्रदर माझ्याबरोबर मोजत होते.
एकोणीस.

"सर, थांबा."
"आत काही नाही. मी बघितलंय."
"फळ्यावर वीस आहेत, सर."
"प्रेशर उतरतंय तिचं, सिस्टर!"

उतरत होतं. खोटं नव्हते बोलत ते.
मला नोकरीत सात महिने झाले होते,
तोंडाला कोरड पडलेली, मास्क आतून ओला,
आणि मी फळ्याकडं बोट दाखवून उभी
शाळेतल्या मॉनिटरसारखी.

तेव्हा पडद्याच्या पलीकडून, जड जिभेनं :
"एक कमी भरलं का बाई?
आमच्यात मग खोकं पुढं जात नाही."

सर थांबले.
भूलतज्ज्ञ बाईंनी दुसरी रक्ताची पिशवी लावली, म्हणाल्या,
पाच मिनिटं देते.
"शोधा."

टेबलाखाली. बुटांखाली. ड्रेपच्या चुण्यांत.
सरांनी पुन्हा हात घालून चारी कोपरे पाहिले.
नाही.
मग मला तो अंधार आठवला,
ओलं, निसटतं बाळ,
आणि हाताला लागेल ते ओढून त्याला पुसणारं कुणीतरी.

बोळातून धावत गेले. धावायचं नसतं, तरी.
काचेच्या पेटीत तो, लाल, चिडलेला,
आणि दुपट्याच्या आत, पाठीखाली चुरगळलेला
निळ्या दोऱ्याचा विसावा मॉप.
ट्रेमध्ये ठेवून आणला, दोन्ही हातांनी,
काठोकाठ भरलेलं भांडं आणावं तसा.

वीस, मी म्हणाले. मोठ्यानं.
वीस, गांगुर्डे ब्रदर.
"वीस," पडद्यामागून ती,
आणि सरांनी टाका मागितला.

मार्चमध्ये तिचा नवरा रिसेप्शनवर एक खोकं ठेवून गेला.
उघडलं, आणि सवयीनं आधी मोजलं.
नऊ.
पुन्हा मोजलं. नऊ.
एकाही मण्याला कुणी हात लावला नाही,
वॉचमन ढिकलेकाका
मिशा पुसत आत येईपर्यंत.