डावा डोळा

उजव्या डोळ्यात थेंब.
डावा तसाच ठेवायचा, साक्षीला.
उद्यमबागेतल्या त्या मागच्या खोलीत
सोळा वर्षं मी ससे धरले.
धरणं म्हणजे काय, सांगतो:
कोपराखाली डोकं, तळव्यात छाती,
पापणी बोटानं अशी खाली ओढायची
की छोटी वाटी होते.
त्या वाटीत थेंब.
मग एक म्हणेपर्यंत पापणी मिटून धरायची
आणि सोडायचं.

ससा ओरडत नाही.
हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.
तो मागच्या पायांनी बोलतो,
ते बोलणं माझ्या मनगटावर अजून आहे.
गणपतीला आलेले पाहुणे विचारायचे,
मांजर पाळलंय की काय नागोजी?
व्हय, म्हणायचो. लई माजोरी हाय.

एक तास. चोवीस. अठ्ठेचाळीस. बहात्तर.
धुरकट किती, लाल किती, सूज किती,
शून्य ते चारमध्ये लिहायचं.
बाहेर त्या वर्षी
पाटीवर कुठली भाषा वर, यावरून दगड पडले,
एसट्या कोगनोळीच्या पलीकडेच थांबल्या.
आत पिंजऱ्यांवर नुसते आकडे.
चौदा नंबर कुठल्या बाजूचा, कुणी विचारलं नाही.

भांडी घासायचं लिक्विड होतं ते.
पुढं दुकानात दिसलं, हिरव्या बाटलीत.
पाठीमागं बारीक अक्षरात:
डोळ्यांपासून दूर ठेवा.
तीन भाषांत.
एवढ्या एका ओळीला किती डोळे लागले
ते त्या दुकानात मला एकट्याला माहीत.
बायको म्हणाली, काय बघालास, घे की.
राख बरी, म्हणालो.
ती म्हणाली, मग घास तूच.

आधी सहा ससे लागायचे. मग तीन झाले.
मग आधी एकावर बघा, वाईट दिसलं तर थांबा, असं आलं.
मग संकेश्वरी मॅडम आल्या.
त्यांची मराठी अडखळती, माझं कानडी तसलंच.
एक दिवस चौदा नंबरसमोर उभ्या राहिल्या,
चष्मा काढून पुसला, परत घातला
आणि म्हणाल्या, साकु.
पुरे झालं,
हे मला त्यांच्या भाषेत आधी कळलं.

शब्द एका दिवसात आला,
कागद यायला चार वर्षं गेली.
दिल्लीला गेले, परत आले,
कुठल्याशा पानावर शिक्का राहिला होता.
तोवर मी धरतच होतो.

आता पहाटे सहाला कसाई गल्लीत जातो.
दस्तगीर मुजावर मुंडकी बाजूला ठेवतो,
ओल्या कापडात, स्टीलच्या डब्यात.
दोन तासांत पोचवायची.
तिसऱ्या गेटजवळ गर्दी लागली
की स्कूटरवर डबा पोटाशी धरतो,
तसाच, तळव्यात.
त्या कोंबड्या तशाही मरणार होत्या,
कुणाच्या तरी दुपारच्या रश्श्यासाठी.
मॅडम डोळा काढतात,
मिठाच्या पाण्याची बारीक धार सोडतात.
वर थेंब.
डोळा धूसर होत जातो
आणि मागं कुणी नसतं.
हे मी मनात पुष्कळदा फिरवून बघतो:
डोळा आहे, मागं कुणी नाही.

उंदरांची खोली अजून चालू आहे,
खोटं कशाला सांगू.
निम्मे मरतील एवढा डोस शोधणं थांबलं,
तरी तिकडून भुशाचा वास येतो.
त्या खोलीची किल्ली मी कमरेला लावत नाही,
खिळ्याला अडकवतो.

रिकामे पिंजरे भंगारात गेले.
त्यातले सहा दस्तगीरनं घेतले.
परवा बघितलं, दुकानासमोर ओळीनं,
चौदाचा पत्रा तसाच, एक स्क्रू सैल.
आत तांबडी कोंबडी.
कोंबडी समोरून बघत नाही,
मान वळवते, मग एका डोळ्यानं बघते.
तिनं डावा लावला माझ्याकडं.

किती देऊ आज? दस्तगीरनं विचारलं.
मी डबा पुढं केला.
नऊ, म्हणालो.
मग म्हणालो, आठ.