कुळे, उत्तरेकडून

फोटोच्या पाठीवर शाईनं एवढंच : कुळे, उत्तरेकडून.
साल नाही. छापणाऱ्याचं नाव कसरीनं खाल्लं.
पुढे स्टेशन, त्याच्या डाव्या हाताला
एक दगडी घर. पाच कमानी, त्रिकोणी भिंतीत गोल झरोका,
मंगलोरी कौलं, एक पन्हळ तुटलेली.
दारात एक माणूस, कोट घालून.

नकाशा दुसऱ्याच हातचा. कापडावर डकवलेला,
घडीच्या रेघेत दोन रूळ गायब.
स्टेशनाशेजारी तीन चौकोन,
त्यातल्या एकावर बारीक अक्षरांत ‘देप.’
देपोझितु. पाणी, की कोळसा, की कुणाचं तरी सामान?
पोर्तुगीज कारकुनानं टिंब दिलं आणि हात झटकले.

मी भूमापनात एकतीस वर्षं ट्रेसर होते.
दुसऱ्यांच्या रेघांवरून रेघ ओढायची सवय,
स्वतःची ओढायची नाही.
निवृत्तीनंतर हे एकच घर शोधायला घेतलं.

उत्तरेकडून बघायचं, म्हणजे डावीकडे पूर्व, घाटाची बाजू.
घड्याळात दोनला दहा कमी
(आकडे पुसलेले, काटे तेवढे स्पष्ट),
सावल्याही पूर्वेला कललेल्या. दुपारच, शंका नको.
पूर्वेचा चौकोन पाच कमानींना तोकडा पडत होता,
ते मी मोजणीदाराच्या माथी मारलं.
मागचा डोंगर जुळत नव्हता,
ते खाणीच्या माथी.
गोव्यात डोंगर जुळला नाही तर कोण विचारतं!

तीन वर्षं सावर्ड्याहून स्कूटरनं यायचे,
फाटकापाशी एका जोत्याच्या सावलीत ती लावायची
आणि पूर्वेला, घाणेरीच्या झुडपांत शिरायचे, टेप घेऊन.
तिथं गँगमननी एकदा नाग मारला होता,
तो दरवेळी मला दाखवायचे, म्हणजे ती जागा.

मग एका शुक्रवारी
पिशवीची चेन बसवायला रोमाल्द शिंप्याकडे थांबले.
सुट्टे शोधताना फोटो मशीनवर ठेवला.
त्यानं उचलला, चष्म्यावरून बघितला,
घर बघितलंच नाही.
“हो कोट बायलेचो कसो?”
मी म्हटलं, पुरुषच आहे, मिशा बघ.
“मिशी पळयली. बुतांवां पळय.
पुरुसाक काज दाव्यान, बुतांव उजव्यान.
हांगा सगळें उरफाटें.”

मी ट्रेसिंग पेपर काढला. त्याच्याच खडूनं
घर, स्टेशन, डोंगराची कड उतरवली,
आणि कागद पालथा करून उजेडात धरला.
काच उलटी छापली होती. बस्स.
दोनला दहा कमी, ते दहा वाजून दहा झाले,
सावल्या पश्चिमेला गेल्या.
घड्याळ खोटं, सावली खोटी,
पण दोघांची जबानी इतकी जुळलेली
की मी उलटतपासणी घेतलीच नव्हती.
डोंगर जागेवर बसला, त्या माथ्यावरच्या खाचेसकट.
खाणीनं त्याचं काही नेलं नव्हतं,
एवढ्या तुकड्याचं तरी.

‘देप.’ पश्चिमेला. फाटकापाशी.
स्कूटर लावते तिथं.

रूळ रुंद झाले त्या साली पाडलं असावं.
जोतं राहिलं. कमानींचे पाय मोजले :
समोर सहा हवेत, पाच मिळाले,
सहाव्यावर करंज उभा आहे, त्याला हलव कसं म्हणणार.
दगडावर चाकाच्या तेलाचे डाग.
माझ्याच स्कूटरचे.
पाणी होतं की कोळसा, ते अजून कळलेलं नाही.

चेन घ्यायला परत गेले तेव्हा
रोमाल्द फोटो सुलट कल्पून अजून बघत होता.
घर सापडलं, मी सांगितलं.
त्यानं मान हलवली, बोट माणसाच्या खांद्यावर ठेवलं,
जिथं शिवण दोन बोटं खाली ओघळली होती.
“हो कोट ताचो न्हय,” म्हणाला,
“कोणाचो तरी मागून घेतला.”
आणि चेनीचे वीस रुपये मागितले.