फळ्याचा डावा कोपरा

जूनमध्ये मी खडूने एक चौकट आखली
फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात, हातभर.
म्हटलं, ही तुमची. इथे काहीही लिहा.
काहीही म्हणजे काय, ते त्यांना कळेना.
आठ दिवस तिथे सुविचारच येत राहिले,
शुद्ध, सुवाच्य,
कोणाचेच नसलेले.

मग अफ्रीन सोलकरने लिहिलं:
बांगड्याच्या पाठीवर कोणीतरी लिहिलंय.
मला वाचता येत नाही. सरांना येतं का?

सरांना येत नव्हतं.
सर मंगळवेढ्याचे, ज्वारीच्या रानातले,
बांगडा पाहिला तो ताटात,
तोही नोकरी लागल्यावर.
दुसऱ्या दिवशी तिने एक आणलाच, केळीच्या पानात,
आणि भूगोलाचा अख्खा तास आम्ही
त्या निळ्या-काळ्या ओळी वहीत उतरवून घेतल्या.
वास शनिवारपर्यंत राहिला.
केंद्रप्रमुखांनी नाकाला रुमाल लावून विचारलं,
हे कोणत्या घटकात बसतं?
मी म्हणालो, हस्ताक्षर.

हेरंब तारी मात्र काही लिहीत नसे.
हजेरीच्या आधी शेवटच्या बाकावरून उठायचा,
चौकटीच्या खालच्या पट्ट्यात
एक आडवी रेघ ओढायचा, नखाएवढी,
कालच्या रेघेच्या शेजारी,
कधी जरा वर, कधी जरा खाली.
सोमवारी दोन.
मी वाट पाहिली. शब्द येईल. चित्र येईल.
नुसत्या रेघा.
टवाळकी, असं ठरवून
एका मंगळवारी त्या दिवशीची रेघ ओल्या फडक्याने पुसली.
बुधवारी पुसली. गुरुवारी, शुक्रवारी.
शनिवारी त्याने पुन्हा ओढली,
चार रेघांची जागा सोडून.

शेवटी विचारलं.
तो खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"गुरुजी, ता पाणी.
घंटा वाजता तेवा जेटीच्या खांबार खंय आसता, ता."

मी मागे सरकलो, तिसऱ्या बाकापर्यंत.
तिथून दिसलं.
अमावास्येला चढलेलं, अष्टमीला उतरलेलं,
पुनवेकडे परत निघालेलं;
सोमवारी दोन का, तेही कळलं.
पुस्तकात आलेख फेब्रुवारीत यायचा होता.
आमच्याकडे श्रावणातच येऊन थांबला होता,
दाराशी उभ्या पाहुण्यासारखा,
आणि मी त्याच्या पायाखालची जागा पुसत होतो.

"मग मधली ही मोकळी जागा?"
माहीत असून विचारलं.

"थंय पुसलास ना तुमी."

रागाने नाही म्हणाला.
ओहोटी सांगावी तसं सांगितलं.

शाळा सुटल्यावर जेटीवर गेलो.
पाणी उतरलं होतं. खांबाला कालवं, शेवाळ,
कोणाच्या तरी जाळ्याचा निळा दोरा.
चार दिवस कुठे दिसतात का, बघत राहिलो.
खांब ओला होता,
वरपासून खालपर्यंत सारखाच.